मुन्नीला कोणी विचारलं?

गोट्याला मुन्नीशी लग्न करायचं आहे. साल १९५२, गाव कोकणातलं. मुन्नी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आणि तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं. पोराच्या डोक्यातलं हे खूळ जावं म्हणून आई त्याची मुंज लावून टाकते. तर हा पोरगा धाकट्या बहिणीला घेऊन रात्री चेटूकवाडीत जातो. तिचा बळी द्यायचा आणि मुन्नी मिळवायची, हा त्याचा बेत. बहीण वाचते, जीव त्याचा जातो. मुंज होऊन दहा दिवसही उलटलेले नसतात, म्हणून तो मुंज्या होतो आणि पुढची सत्तरेक वर्षं एकाच नावाचा जप करत झाडापाशी अडकून राहतो. आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. बडा नट नसताना तो शंभर कोटींच्या पुढे गेला आणि त्याला गर्दी केली ती प्रामुख्याने तरुण पोरापोरींनी.

गर्दी उगाच झाली नाही. संगणकावर घडवलेला तो किरटा, दातरा, लाडीगोडी लावणारा आणि क्षणात अंगावर येणारा पोरगा पाहताना हसू आणि भीती यांतलं अंतर फार कमी उरतं. त्याच्या बहिणीचा पुण्यातला नातू बिट्टू (अभय वर्मा) स्वतः बेलावर मनोमन झुरतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. बेला (शर्वरी) मुन्नीची नात. मुंज्याची नजर तिच्यावर पडते आणि सत्तर वर्षांचा हट्ट आजीवरून नातीवर सरकतो. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकता येत नाही. या दोघांच्या ओढाताणीत चित्रपट रंगतो आणि मोना सिंग, सुहास जोशी, सत्यराज त्यात आपापली फोडणी घालतात.

या चित्रपटाचं मोल मान्य करूनच एक गोष्ट बोलायला हवी. मुन्नीला काय वाटलं, हे तो कुठेही थांबून विचारत नाही. तिच्यावरून एक पोरगा बहिणीच्या जिवावर उठला, स्वतः मेला, भूत झाला. ती सासरी गेली, संसार केला, म्हातारी झाली. त्या सगळ्या वर्षांत तिच्या मनात काय होतं? भीती, की राग, की त्या पोराबद्दल थोडी कीवही? मेलेल्याच्या प्रेमाची गोष्ट आपण शतकानुशतकं सांगत आलो आहोत. जिच्यावर ते प्रेम आहे तिची बाजू मात्र अजून नीट सांगायची राहिली आहे.

शतकानुशतकं म्हणजे किती, हे वेताळाला विचारावं. ‘चांदोबा’ वाचत मोठ्या झालेल्या पिढीला राजाच्या खांद्यावरचं ते प्रेत आणि त्यात बसलेला वेताळ चांगला ठाऊक आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या ज्या कथा सांगितल्या, त्यांत मंदारवती नावाच्या मुलीची कथा आहे. तिला तीन तरुण मागणी घालतात. एकाला दिली तर उरलेले जीव देतील, म्हणून बाप निर्णयच घेत नाही. ती तापाने मरते. मग एक जण स्मशानात झोपडी बांधून तिच्या राखेवर झोपू लागतो, दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा गोसावी होऊन भटकतो आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून परततो. तिघं एकत्र येतात, मंत्र म्हटला जातो आणि मंदारवती राखेतून उठते, पूर्वीपेक्षा देखणी. लगेच तिघांचं भांडण जुंपतं. ही कोणाची?

वेताळ हा प्रश्न राजाला टाकतो आणि राजा उत्तर देतो. मंत्राने जीव देणारा बाप ठरतो, अस्थी गंगेत नेणारा मुलगा ठरतो, राखेला बिलगून राहिलेला नवरा. उत्तर हुशारीचं आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्याला दाद मिळाली आहे. पण मंदारवती तिथेच उभी आहे. नुकतीच मरणातून परत आलेली, धडधाकट, बोलती. तिला विचारायचं ना बापाला सुचत, ना त्या तिघांना, ना राजाला, ना सगळ्यांची परीक्षा घेणाऱ्या वेताळाला.

लोकांच्या तोंडची भुतंही याच वाटेने जातात. मराठी मुलखातल्या भुतांची यादी पाहिली तर मेलेल्याचं काय अपुरं राहिलं यावरून त्याची जात ठरलेली दिसते. मुंज झाली, लग्न राहिलं, तो मुंजा. त्याचं घर पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा. धनावर जीव अडकलेल्याचा समंध. आता यात एक फरक नजरेत भरतो. मुंजाला काही हवं असतं, त्याची इच्छा लोक समजून घेतात, पिंपळाखाली त्याला पारही बांधून देतात. हडळीला मात्र काय हवं होतं हे कोणी सांगत नाही. ती नुसती टाळायची असते, उलट्या पायांची, तिन्हीसांजेची.

या भुतांची मोठी नोंद झाली ती एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जमलेली सामग्री आर. ई. एंथोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे संपादित केली. गुजरातचा भाग १९१४ साली निघाला, कोकणचा १९१५ साली. जॅक्सन मारले गेले त्या रात्री रंगमंचावर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ होतं, म्हणजे म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या, कोणी न विचारलेल्या मुलीचं नाटक. १८९९ साली देवलांनी जिवंत मुलीला रंगमंचावर बोलतं केलं. भुतांच्या गोष्टीतली मुलगी त्यानंतर सव्वाशे वर्षं गप्पच आहे.

जॅक्सन यांची पत्रकं मुंबई इलाख्यात फिरली. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताच्या कारभारात होता. त्यामुळे वऱ्हाडातली भुतं त्या पुस्तकात आलीच नाहीत, आणि पुढे पडद्यावरही त्यांना फारशी जागा मिळाली नाही. ‘तुंबाड’ कोकणाचा, ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणाची, ‘मुंज्या’ही कोकणाचा. माडाची झाडं, लाल माती, पावसातला वाडा, यालाच भुताचं गाव म्हणायची सवय पडली.

वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात रात्रीची तऱ्हा वेगळी आहे. काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन. रानडुकरांपासून पीक राखायला माणसं रात्रभर वावरात जागल करतात. धुऱ्यावरून जाताना वाट चुकली की चकवा लागला म्हणतात, आणि पहाटेपर्यंत त्याच वावरात घिरट्या घालणाऱ्याची कथा सांगणारं कोणी ना कोणी प्रत्येक पारावर भेटतं. या जिल्ह्यात अंधाराची भीती नुसती गोष्टीतली नाही. पांढरकवडा आणि राळेगाव भागात ‘टी-१’ वाघिणीच्या भीतीने लोक महिनोन्‌महिने दिवस मावळायच्या आत घरी परतत होते. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली. जिथे रात्र इतकी खरी आहे, तिथली भूतकथा कोकणच्या भूतकथेहून निराळी होईल. ती कोरडी, मोकळ्या माळाची, दूरवर एकच दिवा दिसणारी असेल. तिची भाषाही निराळी असेल, कारण वऱ्हाडी पोट्टी भुताला घाबरून किंचाळण्याआधी त्याला ‘काऊन रे?’ म्हणून विचारेल. भयाच्या पाठोपाठ हसू आणायला यापेक्षा चांगली सामग्री कोणती?

भीती आणि हसू एकत्र नांदवण्याची कला मराठीला नवी नाही. द. मा. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा अनेक घरांत तोंडपाठ आहे. भूत कसं कानोकानी तयार होतं याचं इतकं चोख चित्रण क्वचितच सापडेल. त्याच मिरासदारांनी १९८२च्या ‘एक डाव भुताचा’ची पटकथा आणि संवाद लिहिले. अशोक सराफांचा खंडोजी फर्जंद हा त्यातला मेलेला मावळा, आणि दिलीप प्रभावळकरांचा शाळामास्तर हा त्याचा जिवंत दोस्त. रंजना नायिका. भुताशी माणसाची मैत्री होऊ शकते, त्याची चेष्टा करता येते, त्याच्याकडून मदत मागता येते, हे त्या चित्रपटाने किती सहज दाखवलं! १९८९ साली सचिन यांचा ‘भुताचा भाऊ’ आला. १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूने एका पिढीची झोप उडवली, रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आजही जत्रेत आणि रिक्षाच्या आरशावर भेटतो. २००४ साली कोठारेंचाच ‘पछाडलेला’. मग २६ जानेवारी २०२२ रोजी सरपोतदारांनी ‘झोंबिवली’ आणला. डोंबिवलीच्या टोलेजंग इमारती, शेजारची वस्ती आणि पाण्यावरचा हक्क, या ओळखीच्या भांडणात त्यांनी चालती प्रेतं सोडली. मराठीत झोंबी शोभणार नाहीत असं म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होतं.

या सगळ्या चित्रपटांवर जीव असलेल्या प्रेक्षकानेही एवढं कबूल करावं, की त्यांतल्या मुली बाजूला उभ्या असतात. भूत कोणाच्या अंगात शिरणार, कोण कोणाचा सूड घेणार, हा पुरुषांचा खेळ. नायिका वाचवायची असते किंवा मिळवायची असते. लग्नाची हौस अपुरी राहिलेला मुंजा आपल्याला पटकन कळतो; त्याच्या हौशीला नाही म्हणणारी मुलगी आपल्या गोष्टीत जवळपास नाहीच.

हा मुद्दा नुसता पटकथेचा असता तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडवायचं कारण नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आलं. आठवडाभर झुंजून ती गेली. दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. तेव्हाच्या बातम्यांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द पुन्हा पुन्हा छापून आले, जणू प्रेमाचाच तो एक प्रकार आहे. नकारानंतरही मुलीचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, हे कायद्याने २०१३ साली स्पष्ट केलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पडद्यावर मात्र हा माणूस फार काळ प्रियकर म्हणून वावरला. १९९३च्या ‘डर’मधल्या पाठलाग करणाऱ्यालाच टाळ्या पडल्या, २०१३च्या ‘रांझणा’ने नकार न मानणाऱ्या पोराचं दुःख आळवलं.

‘मुंज्या’ इथे मोठं काम करून जातो, आणि ते मनापासून सांगायला हवं. नकार न ऐकणाऱ्याला त्याने भूत केलं. त्याचं रडणं, विनवणं, गाणं हे सगळं दाखवूनही त्याला नायक होऊ दिलं नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हा चित्रपट पाहून हसतो, तेव्हा तो नेमक्या त्याच हट्टाला हसतो ज्याला तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांच्या पिढीने टाळ्या वाजवल्या होत्या. कुठल्याही शाळेतल्या समुपदेशनाच्या तासाला हे इतक्या सहज साधणार नाही. म्हणूनच पुढचं पाऊल हवं. भूत कोण ते कळलं, आता मुलगी कोण ते कळू दे.

असं करता येतं, याची खूण परदेशात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ‘लिसा फ्रँकेनस्टाइन’ आला. दिग्दर्शिका झेल्डा विल्यम्स, लेखिका डायब्लो कोडी. काळ १९८९चा, भडक रंगाचे कपडे, फुगवलेले केस, त्या वेळची गाणी. आईच्या मृत्यूनंतर सावत्र घरात घुसमटलेली लिसा जुन्या कबरस्तानात एका तरुणाच्या थडग्यापाशी जाऊन बसत असते. वीज पडते आणि तो उठून तिच्या दारात येतो, चिखलाने माखलेला, बोलता न येणारा. गोष्ट मुद्दाम वेडीवाकडी, भडक, खिदळणारी आहे. तिकीटबारीवर ती चालली नाही. तरी तिच्यात मेलेल्याशी नातं जोडायचं की नाही, किती जोडायचं, त्याला दोस्त म्हणायचं की प्रियकर, हे मुलगी ठरवते. तिचे निर्णय भयंकर चुकतात, पण ते तिचे असतात.

या साऱ्या परंपरेचं मूळच एका मुलीच्या हातातलं आहे. १८१६च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने घरात कोंडून घातलेल्या मित्रमंडळींत भूतकथा लिहायची पैज लागली, तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची होती. ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ साली छापून आली. अठरा वर्षांच्या मुलीला मेलेल्या देहाची गोष्ट सांगता येते, आणि जग दोनशे वर्षं ती ऐकतं. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीने भूतकथा लिहिली तर तिला कोणी गांभीर्याने घेईल का, असा प्रश्न पडतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला प्रतिष्ठा दिली. त्या वाटेवर मुलींची पावलं अजून थोडी आहेत.

सरपोतदारांनी ‘मुंज्या’नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘थामा’ केला. त्यात रश्मिका मंदाना बेताळांच्या कुळातली आहे आणि आयुष्मान खुराना तिच्या प्रेमात पडणारा माणूस. बाई मरणापलीकडची आणि पुरुष जिवंत, ही अदलाबदल स्वागताची आहे. पण ‘मुंज्या’सारखाच तोही हिंदीत. मुंजा मराठी, वेताळ मराठी मुलखात गावोगाव पुजलेला, दिग्दर्शक मराठी, आणि भाषा हिंदी. मोठा पैसा हिंदीत आहे हे खरंच. त्यासाठी सरपोतदारांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी ‘झोंबिवली’ मराठीत करून दाखवला आहे. खंत याची आहे, की त्या चित्रपटानंतर मराठी निर्माते या प्रकाराच्या मागे हिरिरीने उभे राहिले नाहीत.

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि यवतमाळात तो दुर्लक्षून चालणार नाही. भुतांचे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात, असं चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात. याच जिल्ह्यात २०१२ साली सात वर्षांच्या एका मुलीचा नरबळी दिला गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा गुन्हा ठरवला आहे. ज्या मातीत हे घडलं तिथे चेटूकवाडीतला बळी गंमत म्हणून दाखवायचा का?

आक्षेपातलं दुःख खरं आहे. तरी त्याचं उत्तर भुताला पडद्यावरून हाकलून देण्यात नाही. भगताच्या धंद्याला लागते ती निव्वळ भीती, कोणी न हसता, न विचारता मानलेली. ज्या भुताला गावाने एकदा पोट धरून हसून घेतलं, त्याच्या नावाने उतारा काढणं भगताला अवघड जातं. मिरासदारांनी हेच केलं होतं. शिवाय अंगात येण्याच्या, बाहेरचं लागण्याच्या नावाखाली मार खाणाऱ्यांत बायका-मुलीच जास्त दिसतात. जिला झाडाखाली बसवून छडीने बडवतात तिला काय झालं होतं, हे विचारणारी गोष्ट अंधश्रद्धेच्या बाजूची असूच शकत नाही. मात्र लेखकाने जबाबदारी घ्यावी. मांत्रिक शेवटी खरा ठरतो, मंत्राने सगळं निस्तरतं, ही पळवाट त्याने टाळावी.

मुलीला न विचारणं ही तर पडद्याबाहेरची रोजची गोष्ट. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. अठराच्या आसपासच्या मुलीसाठी हट्टी भूत हे रूपक दूरचं नाही. दारात बघायला आलेली मंडळी, ‘पोरगा चांगला आहे’ म्हणणारी मावशी, रस्त्यात मोटारसायकल आडवी घालणारा कोणी, यांच्याकडे पाहताना मुंज्याची आठवण तिला सहज व्हावी.

तेव्हा हा चित्रपट बोरी अरबात घडू शकतो. यवतमाळच्या कॉलेजला एसटीने जाणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी. साल १९८९ किंवा १९९३ ठेवलं तरी चालेल. गावच्या जत्रेतला तंबूतला सिनेमा, भाड्याने आणलेला व्हीसीआर, कॅसेट, मोठ्या कॉलरचे शर्ट, हा सगळा थाट मराठी पडद्यावर देखणा दिसेल. धुऱ्यावरच्या पिंपळातून उतरलेला, पन्नास वर्षांपूर्वी वारलेला एक पोरगा. तो तिला आवडतो का? कदाचित आवडेल. जिवंत पोरांपेक्षा तो जास्त ऐकून घेणारा निघाला तर मजा येईल आणि डोळ्यांत पाणीही येईल. कदाचित नाही आवडणार, आणि मग त्याला वावराबाहेर काढताना जागलीवरची सगळी म्हातारी माणसं, तिची आजी, तिच्या मैत्रिणी कामाला लागतील. दोन्ही गोष्टी लिहिता येतील, पण दोन्हींची सुरुवात तिच्या मनापासून व्हायला हवी.

यासाठी मुंबईच्या निर्मात्याची वाट पाहायचंही कारण नाही. विदर्भातल्या कॉलेजांची स्नेहसंमेलनं हिवाळ्यात होतात, एकांकिका स्पर्धा असतात, राज्य नाट्य स्पर्धेची दारं हौशी संघांना उघडी आहेत. पाऊण तासाच्या एकांकिकेला एक पार, एक कंदील आणि चार जण पुरतात, आणि हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर वऱ्हाडीत संवाद लिहिणाऱ्या मुली दारव्हा तालुक्यातही असणारच. यंदा संहिता निवडताना प्राध्यापकांनी आधी त्यांच्याकडे मागावी. भुताचं काम करायला मुलगे रांग लावतील. मुन्नीचं काम लिहायचं राहिलं आहे.